डोमेनमध्ये कीवर्ड कोंबून साइट वर येत नाही: या चुका टाळा

वेबसाइट काढायचं ठरलं की धंद्याचं चांगलं नाव बाजूला पडतं आणि 'पुणेबेस्टकेटरिंगसर्व्हिस' असल्या डोमेनची, म्हणजे साइटच्या पत्त्याची, शोधाशोध सुरू होते. समजूत एकच असते: लोक गूगलमध्ये जे शब्द (कीवर्ड) टाइप करतात तेच डोमेनमध्ये घातले की साइट आपोआप वर येते. ही समजूत कधीच कालबाह्य झाली आहे. तरीही तिच्यापायी लोक ओळखीची नावं सोडतात, चालत्या साइटचा पत्ता बदलतात आणि दरवर्षी एकाच्या जागी पाच डोमेनच्या नूतनीकरणाचे पैसे भरतात.

डोमेनमध्ये कीवर्ड म्हणजे रँकिंग, असं धरून चालणं

एके काळी यात तथ्य होतं. लोकांच्या शोधाशी शब्दन् शब्द जुळणारं डोमेन घ्यायचं, त्यावर पाच-सहा थातूरमातूर पानं टाकायची, आणि साइट वर दिसायची. अशा डोमेनला 'एक्झॅक्ट मॅच डोमेन', थोडक्यात ईएमडी म्हणतात. २०११ मध्ये गूगलच्या वेबस्पॅम (फसव्या साइट रोखणाऱ्या) टीमचे प्रमुख मॅट कट्स यांनी एका व्हिडिओत सांगितलं की, डोमेनमधल्या शब्दांना जरा जास्तच वजन मिळतं अशी तक्रार येते आणि ते कमी करण्याचा विचार सुरू आहे. सप्टेंबर २०१२ च्या अखेरीस तो बदल लागू झाला. अमेरिकेतल्या इंग्रजी शोधांपैकी ०.६ टक्के शोधांवर त्याचा ठळक परिणाम होईल, असं त्यांनी जाहीर केलं. आकडा लहान दिसतो, पण फटका नेमका त्यांनाच बसला ज्यांच्याकडे डोमेन सोडून दुसरं काहीच नव्हतं. डोमेन भारी आणि पानं पोकळ अशा साइट खाली गेल्या. ज्यांच्या पानांत खरा मजकूर होता त्यांना नावात कीवर्ड असल्याची शिक्षा झाली नाही. हा फरक फार लोक विसरतात आणि मग घाबरून चांगलं चाललेलं डोमेनही बदलायला निघतात.

गूगलची आजची भूमिकाही स्पष्ट आहे. डोमेनमधले शब्द हा अनेक घटकांपैकी एक घटक आहे, पण शोधाशी जुळवून मुद्दाम बनवलेल्या डोमेनला जास्त श्रेय मिळू नये यासाठी वेगळी यंत्रणा आहे. नवख्यांसाठीच्या त्यांच्या मार्गदर्शिकेत तर थेट लिहिलंय की डोमेनमधल्या किंवा पत्त्यामधल्या कीवर्डचा, निकालात पत्ता दिसण्यापलीकडे, जवळपास काहीच परिणाम होत नाही.

"पण अमुक साइट तर त्याच नावावर पहिली आहे!" हे हमखास ऐकू येतं. ती साइट उघडून बघा. बहुधा ती जुनी असते, पानं भरपूर असतात आणि बाहेरून तिला लिंक मिळालेल्या असतात. शिवाय लोक लिंक देताना साइटचं नावच लिहितात, त्यामुळे कीवर्ड असलेल्या साइटला लिंकच्या मजकुरात तो कीवर्ड आयता मिळतो. हा एवढा फायदा खरा आहे, पण त्यासाठी आधी कोणीतरी लिंक द्यावी लागते, आणि नुसत्या नावाला कोणी लिंक देत नाही. डोमेनवर पैसे घालण्यापूर्वी आपल्या मुख्य शोधाचे पहिले दहा निकाल उघडा, किती डोमेनमध्ये कीवर्ड आहे ते मोजा आणि प्रत्येक पानावर ग्राहकाला काय मिळतं ते वाचा. अर्ध्या तासाचं काम आहे. उतावळेपणाने तेवढंही न करणाऱ्यांनी एसइओच्या, म्हणजे साइट शोधात वर आणण्याच्या, नादी लागूच नये असं माझं ठाम मत आहे.

स्वतःची ओळखच न ठेवणं

नाव जेव्हा निव्वळ शोधशब्द असतं तेव्हा नुकसान हळूहळू कळतं. समाधानी ग्राहक दुसऱ्याला तुमचं नाव सांगतो, तो दुसरा माणूस 'पुणे केटरिंग' असं शोधतो आणि समोर वीस प्रतिस्पर्धी येतात. सर्च कन्सोलमध्येही (साइट गूगलमध्ये कशी सापडते ते दाखवणारं गूगलचं साधन) लोक तुम्हाला नावाने शोधत आले की कामाच्या शब्दांनी, हे वेगळं काढता येत नाही, कारण दोन्ही शब्द एकच.

गूगलच्या निकालात पत्त्याच्या वर साइटचं नाव दिसतं, तिथेही हेच आडवं येतं. सामान्य वर्णनासारखं नाव असेल तर गूगल ते बहुतेक वेळा उचलत नाही आणि नुसतं डोमेन दाखवतं. मुख्य पानाच्या वेबसाइट स्ट्रक्चर्ड डेटामध्ये (गूगलला वाचता यावी म्हणून पानाच्या कोडमध्ये दिलेली माहिती) तुमच्या धंद्याचं खरं, वेगळं ओळखू येणारं नाव द्या, आणि तेच शीर्षकात आणि पानाच्या मुख्य मथळ्यातही ठेवा.

याच मालिकेतली पुढची चूक जास्त महागात पडते. डोमेनमध्ये जमलं नाही म्हणून लोक गूगल बिझनेस प्रोफाइलच्या (गूगल नकाशावर दिसणारी धंद्याची नोंद) नावात शहर आणि सेवा कोंबतात. नियम असा आहे की दुकानाच्या पाटीवर आणि बिलावर जे नाव आहे तेच तिथे हवं. पाटीवर 'जोशी केटरर्स' असेल तर प्रोफाइलवरही तेवढंच. तक्रार झाली की प्रोफाइल निलंबित होऊ शकतं, आणि ते परत मिळेपर्यंत नकाशावरून येणारे फोन बंद.

चालती साइट कीवर्डच्या डोमेनवर हलवणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. सहा-सात वर्षं चाललेली साइट, बऱ्यापैकी फोन येतात, आणि कोणीतरी सांगतं की नावात कीवर्ड नाही म्हणून मागे आहात. मग एका रात्रीत डोमेन बदललं जातं, सोबत नवी थीम, पानांचे नवे पत्ते, आणि जुन्या साइटची सगळी पानं नव्या साइटच्या मुख्य पानाकडे वळवली जातात. पुढच्या काही आठवड्यांत ट्रॅफिक कोसळतं. कारण सरळ आहे: गूगल असं घाऊक वळण 'सॉफ्ट ४०४' समजू शकतं, म्हणजे जुनं पान गेलंच असं धरतं, आणि त्या पानाने कमावलेलं नव्या पानापर्यंत पोचत नाही.

ठाम व्यावसायिक कारण असेल तरच डोमेन बदला. बदलायचंच तर असं:

१. सर्च कन्सोल, साइटमॅप (साइटच्या पानांची यादी असलेली फाइल) आणि सर्व्हर लॉग (साइटवर कोणती पानं मागितली गेली त्याची नोंद) या तिन्हींतून जुन्या पत्त्यांची पूर्ण यादी काढा. एकट्या साइटमॅपवर विसंबू नका, त्यात जुनी पण लिंक मिळालेली पानं नसतात.

२. प्रत्येक जुन्या पानासमोर त्याचंच नवं पान लिहा. वळवणी ३०१ ची (कायमची), ३०२ ची (तात्पुरती) नाही. जुन्यावरून मधल्यावर, मधल्यावरून तिसऱ्यावर अशी साखळी नको.

३. त्याच वेळी डिझाइन आणि पानांच्या पत्त्यांची रचना बदलू नका. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या की काय बिघडलं ते शोधता येत नाही.

४. आतल्या लिंक, कॅनॉनिकल टॅग (पानाचा मुख्य पत्ता कोणता ते सांगणारी खूण) आणि साइटमॅप नव्या डोमेनवर आणा.

५. दोन्ही डोमेन सर्च कन्सोलमध्ये सत्यापित करून सेटिंग्जमधलं पत्ता बदलण्याचं साधन वापरा. त्याचा परिणाम १८० दिवस राहतो.

६. जुन्या डोमेनचं एसएसएल प्रमाणपत्र (साइटशी जोडणी सुरक्षित असल्याचा दाखला) चालू ठेवा. ते संपलं की ब्राउझर धोक्याचा इशारा दाखवतो आणि वळवणीपर्यंत कोणी पोचतच नाही. मी पाहते त्या बिघडलेल्या साइटमध्ये हे कारण वारंवार सापडतं, आणि शोधणारे भलतीकडेच शोधत असतात.

७. जुन्या साइटच्या रोबोट्स फाइलमध्ये (सर्च इंजिनांनी कोणती पानं बघायची ते सांगणारी फाइल) गूगलला अडवू नका. अडवलं तर त्याला वळवणी दिसणारच नाही.

मध्यम आकाराच्या साइटची बहुतेक पानं हलायला काही आठवडे लागतात. त्या काळात दर दोन दिवसांनी काहीतरी बदलत बसू नका. वळवण्या किमान एक वर्ष ठेवा असं गूगल सांगतं. माझ्या मते जुनं डोमेन कधीच सोडू नये. सोडलं की दुसरा कोणीही ते विकत घेतो, तुमच्या जुन्या लिंक वापरतो, आणि त्या डोमेनवरच्या ईमेलवर आलेली पत्रंही त्याच्याच हाती जातात.

बाकीच्या, थोडक्यात

पाच कीवर्ड डोमेन घेऊन मुख्य साइटकडे वळवल्याने रँकिंग वाढत नाही. प्रत्येकावर जवळपास सारखीच साइट टाकली तर तो गूगलच्या नियमांत 'डोअरवे' ठरतो, म्हणजे सरळ स्पॅम.

कोणीतरी सोडून दिलेलं जुनं डोमेन केवळ त्याच्या लिंकसाठी घेऊन भलताच मजकूर टाकणं मार्च २०२४ पासून स्पॅम धोरणात स्पष्टपणे धरलं आहे. जुनं डोमेन घ्यायचंच असेल तर वेबॅक मशीनवर (साइटची जुनी रूपं जपून ठेवणारं संकेतस्थळ) आधी तिथे काय होतं ते बघा.

डॅशने गूगलचं काही बिघडत नाही, पण फोनवर पत्ता सांगताना बिघडतं. एकही डॅश नसलेलं नाव मिळत असेल तर तेच घ्या.

मराठी शब्द रोमनमध्ये लिहिताना दोन-तीन स्पेलिंगं होतात. वडा व्हीने की डब्ल्यूने, नाशिक एसएचने की नुसत्या एसने? नाव पाच जणांना ऐकवा आणि टाइप करायला सांगा. तिघांनी वेगळं लिहिलं तर ते नाव सोडा.

डॉट इन भारतातल्या ग्राहकांसाठी उत्तम. दिवाळीचा फराळ अमेरिकेतल्या मराठी घरांना पाठवायचा धंदा असेल तर डॉट कॉम घ्या, कारण डॉट इन ही साइट भारतासाठी आहे असं सुचवतं.

देवनागरी डॉट भारत डोमेन २०१४ पासून मिळतं आणि गूगलला ते चालतं. अडचण इतरत्र येते: पत्ता कॉपी केला की काही ठिकाणी 'एक्सएन'ने सुरू होणारी अगम्य अक्षरं उमटतात आणि अनेक फॉर्म असा ईमेल पत्ता स्वीकारत नाहीत. ते जोडीला ठेवा, एकमेव म्हणून नाही.

डोमेन स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर नोंदवा, साइट बनवणाऱ्याच्या नाही. ईमेल त्याच डोमेनवरचा नको: डोमेन बंद पडलं की नूतनीकरणाची सूचना आणि पासवर्ड बदलायची लिंक दोन्ही तिथेच अडकतात.