बोटाला काय कळतं, काय नाही

दिवस राहावेत म्हणून मी ८ महिने रोज आंघोळीआधी गर्भाशयाचं मुख बोटाने तपासलं आणि वहीत दोन-तीन शब्द लिहीत गेले. कुणी नव्याने तपासायला लागणार असेल, तर तिच्यासाठी हे लिहिते आहे.

नखं कापलेली हवीत, हात साबणाने स्वच्छ धुतलेले. उकिडवं बसा किंवा एक पाय स्टुलावर ठेवून उभ्या राहा, पण रोज तसंच. बसायची पद्धत बदलली की मुखाची उंचीही वेगळी लागते. मधलं बोट सावकाश आत न्या. योनिमार्गाच्या भिंती मऊ, घड्याघड्यांच्या लागतात. त्यांच्या शेवटी गुळगुळीत, गोलसर उंचवटा आणि मधोमध बारीक खळी लागली, की ते मुख. मला पहिले ४ दिवस काहीच सापडलं नव्हतं. शौचाला करतो तसा हलका जोर केला की ते जरा खाली येतं.

पाळी संपल्यावर ते हाताशी असतं, नाकाच्या शेंड्यासारखं घट्ट. पुढे इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढतं तसं ते वर सरकतं, ओठासारखं मऊ होतं, खळी किंचित उघडते. सोबतचा स्राव मला जास्त भरवशाचा वाटला. अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं हळूहळू लांब केली, की अंड्यातल्या पांढऱ्यासारखी पारदर्शक तार निघते, तुटत नाही. माझ्या वहीत ही तार, पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून, बहुतेकदा १६व्या-१७व्या दिवशी आहे. मी मात्र आधी स्त्रीबीज बाहेर पडण्याचा म्हणून १४वा दिवस धरून बसले होते. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, शुक्रजंतू मात्र अशा स्रावात ५ दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणून मुख मऊ व्हायला लागलं तेव्हापासूनचेच दिवस संबंधासाठी मोलाचे, अगदी वर जाईपर्यंत थांबू नका. नंतर प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे ते पुन्हा घट्ट होतं, खाली येतं, स्राव दाट होतो किंवा आटतो.

नॉर्मल डिलिव्हरी झालेली असेल तर खळी आडव्या चिरेसारखी, कायम थोडी उघडी लागते. तुलना करायची ती स्वतःच्याच मागच्या महिन्याशी.

आता दिवस राहिल्याचं. मुख वर आणि मऊ लागलं म्हणजे गर्भ राहिला, असं मी धरून चालले होते. ८व्या महिन्यात, पाळीच्या आदल्या दिवशी, वहीत लिहिलं: ‘खाली, घट्ट’. त्या रात्री खूप रडले. पाळी आली नाही. चौथ्या दिवशी टेस्टवर दोन रेघा आल्या. गरोदरपणात रक्तपुरवठा वाढून मुख मऊ आणि निळसर-जांभळं होतं खरं, पण हे बदल साधारण ६ ते ८ आठवड्यांच्या सुमारास डॉक्टरांना तपासणीत जाणवतात. आपल्या बोटाला त्याआधी त्यावरून काही ठरवता येत नाही. पाळी चुकली की सकाळच्या पहिल्या लघवीची टेस्ट करा.

टेस्ट पॉझिटिव्ह आली की बोटाने तपासणं बंद. मुख तेव्हा नाजूक असतं, जरा धक्का लागला तरी रक्त येऊ शकतं. खाज, दुर्गंधी, जळजळ असतानाही तपासू नका. आणि गरोदरपणात रक्त जात असेल, पोटात एका बाजूला दुखत असेल, चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी, लगेच दवाखाना गाठा.