व्हॅक्युम लिफ्टरने जड माल सेफ कसा उचलायचा: ग्रॅनाइट, काच आणि लोखंडी प्लेटवाल्यांसाठी

जळगाव एमआयडीसीत म्हणा, धुळ्याच्या अवधानला म्हणा नाहीतर तिकडे नरडाण्याला, फॅब्रिकेशनच्या शेडमधे, काचवाल्यांकडे, ग्रॅनाइटच्या गोडाऊनमधे आता व्हॅक्युम लिफ्टर, म्हणजे रबरी पॅडखालची हवा काढून माल चिकटवून उचलणारं मशीन, यायला लागलेत आणि ही चांगलीच गोष्ट आहे, कारण सहा-आठ पोरांनी ३०० किलोचा स्लॅब हाताने सरकवायचा म्हणजे कोणाचं बोट नाहीतर कोणाची कंबर जायचीच. पण मशीन आलं की थोड्याच दिवसांत सगळ्यांना वाटायला लागतं की बटण दाबलं, चिकटलं, उचला. तिथेच घोळ होतो. लिफ्टरवर कितीही मोठा आकडा लिहिलेला असू द्या, माल टिकणार का सुटणार हे मालाचा पृष्ठभाग, पॅडचं रबर आणि त्या वेळेला गेजचा, म्हणजे व्हॅक्युम दाखवणाऱ्या मीटरचा, काटा कुठे आहे यावर असतं, आणि हे तिन्ही दर उचलीला बदलतात. म्हणून दर वेळेस बघावं लागतं. कसं बघायचं ते क्रमाने सांगतो.

आधी थोडं गणित

व्हॅक्युम माल ओढत नाही. पंप पॅडखालची हवा काढून घेतो आणि बाहेरची हवा मालाला पॅडवर दाबून धरते. बाहेरच्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो. पंप सगळी हवा काही काढू शकत नाही, गेजवर ०.६ बार म्हणजे पाऱ्याच्या भाषेत ४५० एमएम दिसत असेल तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.६ किलो जोर मिळाला असं धरा. २० सेंटिमीटर व्यासाच्या गोल पॅडचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका पॅडमागे १९० किलोच्या आसपास, चार पॅडला ७६०. आता यातलं निम्मं विसरून जायचं. युरोपच्या ईएन १३१५५ स्टँडर्डमधेही व्हॅक्युम लिफ्टरला कमीत कमी दुप्पट ताकद शिल्लक पाहिजे असंच सांगितलंय. राहिले ३८०.

हे ३८० कधी? माल आडवा, सपाट आणि पॅड वरून असेल तेव्हा. तोच स्लॅब उभा केला की पॅड त्याला फक्त घर्षणावर धरून ठेवतं, घर्षण चांगलं असलं तरी साधारण निम्मी ताकद मिळते म्हणजे ३८० चे झाले १९०, आणि स्लॅब पॉलिशच्या पाण्याने ओला असेल किंवा प्लेटवर तेल असेल तर ७०-८० किलोवर सुद्धा येऊ शकतं. म्हणजे जो ३०० किलोचा स्लॅब आडवा आरामात उचलला गेला तोच उभा करताना सरकून खाली येऊ शकतो, मशीन तेच, पॅड तेच. बहुतेक अपघाताची जागा हीच असते हो. म्हणून मशीनवरच्या माहितीच्या पाटीवर आडव्या आणि उभ्या उचलीचे आकडे वेगळे दिलेत का ते बघा, एकच आकडा असेल तर कंपनीला विचारा तो कुठला, आणि कळेपर्यंत माल उभा करू नका. माझं वरचं गणित समजण्यापुरतं आहे, कामाला कंपनीने दिलेलाच आकडा धरायचा.

आपल्याकडे अजून एक. जळगाव समुद्रसपाटीपासून २००-२५० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब जवळपास पूर्ण मिळतो. पण तोरणमाळला बांधकामावर काच लावायला हेच मशीन नेलं तर तिथे उंची ११०० मीटरच्या वर, दाब साधारण १२ टक्के कमी, तेवढी ताकद कमी. घाटावर कामं घेणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवा.

वजन अंदाजे नका धरू

"असेल दोनशे-अडीचशे किलो भो" हे चालत नाही. २० एमएम ग्रॅनाइट दर स्क्वेअर फुटाला साधारण ५ किलो, म्हणजे १० बाय ६ चा स्लॅब ३०० किलो. काच दर चौरस मीटरला दर एमएम जाडीमागे अडीच किलो, १२ एमएमची काच म्हणजे चौरस मीटरला ३० किलो. लोखंडी पत्रा किंवा प्लेट दर चौरस मीटरला दर एमएमला ७.८५ किलो, ८ बाय ४ फुटाची १० एमएम प्लेट २३० किलोच्या वर जाते. हे तीन आकडे भिंतीवर रंगाने लिहून ठेवा, पोरं मोबाइलवर दोन मिनिटात हिशोब करतील. आणि वर होइस्ट (माल वर-खाली करणारं यंत्र) किंवा क्रेन आहे तिच्यावर लिफ्टरचं स्वतःचं वजन पण येतं, ते धरायचं राहून जातं. लिफ्टर ८० किलो, स्लॅब ३००, म्हणजे होइस्टवर ३८०.

माल नीट बघा, हात फिरवून बघा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा.

पॉलिश केलेल्या बाजूला पॅड लावायचं. फ्लेम किंवा लेदर फिनिश खडबडीत असतं, तिथून हवा आत शिरत राहते, पंप चालू आहे तोवर काटा बरा दिसतो आणि लाइट गेली की लगेच खाली येतो. अशा मालाला कंपनी मऊ फोमचं सील असलेलं वेगळं पॅड देते, तेच वापरा. ग्रॅनाइटच्या मागे जाळी चिकटवलेली असते त्या बाजूला पॅड लावायचं नाही. स्लॅबला बारीक चीर आहे का ते पाणी पुसून बघा, ओला दगड वाळताना चिरेत पाणी राहतं आणि तिथे काळी रेघ दिसते. चीर असेल तर लिफ्टर विसरा, बेल्टने उचला.

काचेवर आणि स्टीलच्या शीटवर प्लास्टिकची फिल्म असते ती पॅडच्या जागेवरून काढायलाच पाहिजे, नाहीतर पॅड चिकटतं फिल्मला, फिल्म सुटते शीटपासून, आणि गेजचा काटा शेवटपर्यंत छान हिरव्या, म्हणजे सुरक्षित, पट्ट्यात असतो. लोखंडी शीटच्या थप्पीत तेलामुळे दोन शीटा एकमेकांना चिकटतात, वरची उचलली की खालची पण सोबत येते आणि अर्ध्यात सुटून पडते. म्हणून थप्पीवरून उचलताना आधी एक कोपरा किंचित वर करून, लाकडी पाचर घालून शीटा वेगळ्या करा, पाचर हातात धरून बोटं आत घालू नका. पातळ लांब शीट मधे लोंबते, कडा वाकतात, पॅडची कड सोलल्यासारखी सुटते, तिथे जास्त पॅड आणि लांब बीम लागतो.

धूळ. आपल्याकडे उन्हाळ्यात सगळीकडे फुफाटा, प्रत्येक मालावर बारीक थर असतोच. आधी कोरडं फडकं, मग ओलं, मग परत कोरडं. पॅडची कडही तशीच पुसायची. थिनर, पेट्रोल, रॉकेल रबरला लावायचं नाही, रबर फुगतं नाहीतर कडक होतं. आणि भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा उघड्यावर पडलेल्या काळ्या ग्रॅनाइटवर किंवा प्लेटवर हात ठेवता येत नाही, तो माल दुपारी उचलायच्या ऐवजी सकाळी उचला किंवा आदल्या दिवशी सावलीत घ्या. साध्या रबरच्या पॅडला तापमानाची मर्यादा असते, ती कंपनीच्या कागदात लिहिलेली असते. खूप गरम मालासाठी सिलिकॉनचं पॅड येतं.

पॅड आणि अलार्मची टेस्ट

रोज काम चालू करायच्या आधी पॅडची कड बोटाने फिरून बघा, कट, चीर, कडकपणा, काही असेल तर पॅड बदला, चिकटपट्टी लावून चालवू नका. मग एखाद्या स्वच्छ गुळगुळीत प्लेटवर पॅड लावा, गेज हिरव्यात जाऊ द्या आणि पंप बंद करा. माल उचलायचा नाही, नुसतं बघायचं. चांगल्या मशीनमधे हवा उलटी आत येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व आणि व्हॅक्युम साठवायची टाकी असते, काटा अगदी हळूहळू उतरायला पाहिजे. लाइट गेली तर मशीनने ५ मिनिटं माल धरून ठेवावा अशी त्या ईएन १३१५५ ची अपेक्षा आहे, तुमचं मशीन धरतं का ते अशी टेस्ट केल्याशिवाय कळणार नाही. नंतर व्हॅक्युम मुद्दाम सोडून अलार्म वाजतो का बघा. शेडमधे ग्राइंडरचा आवाज असतो, तिथे अलार्म ऐकू येत नसेल तर दिवा लावून घ्या.

हाताने पंप मारायचे काचेचे कप असतात त्यांना दांड्यावर लाल रेघ असते. रेघ दिसली की व्हॅक्युम गेलं, लगेच परत पंप मारायचा, आणि मारूनही रेघ परत बाहेर आली तर तो कप बाजूला ठेवायचा.

आता उचला

पॅड मालाच्या मध्यापासून दोन्ही बाजूला सारखे लागले पाहिजेत आणि हूक बरोबर मध्यावर. सिंक कापलेला स्लॅब असेल तर मध्य सरकलेला असतो, तिथे एका बाजूला झुकतो. एखादं पॅड भोकावर किंवा कडेबाहेर येत असेल तर त्याचा व्हॉल्व बंद करा, आणि तेवढ्या पॅडची ताकद गणितातून वजा. हुकाचा लॅच बसला का बघा.

काटा हिरव्यात गेला की फक्त चार बोटं वर उचला आणि थांबा. १०-१५ सेकंद सगळ्यांनी गेजकडे बघायचं. काटा हलत नसेल, माल तिरका होत नसेल, तरच पुढे. हलत असेल तर खाली ठेवा, पुसा, जागा बदला, परत. घाईत ही पायरी सगळ्यात आधी गाळली जाते आणि मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते, कारण चार बोटांवरून पडलेला स्लॅब फुटतो एवढंच, छातीच्या उंचीवरून पडलेला माणसाला घेऊन जातो.

नेताना माल जमिनीपासून जेवढा खाली ठेवता येईल तेवढा खाली. मालाखाली हात, पाय, डोकं काहीच नको, पाठीमागून चालत दोरीने वळवा. सिग्नल एकच माणूस देणार, बाकीच्यांनी "घे घे, जाऊ दे" ओरडायचं नाही, फक्त "थांब" कोणीही म्हणू शकतो आणि म्हटलं की थांबायचंच. होइस्टचं बटण सलग न दाबता थोडं थोडं दाबा, झटका बसला की पॅडवर वजन क्षणभर वाढतं. बाहेर उघड्यावर मोठी काच असेल आणि वारा सुटला असेल तर काम बंद, काच पतंगासारखी वारा घेते. हायड्राला (चाकांवरच्या चालत्या क्रेनला) लिफ्टर टांगून खडबडीत रस्त्यावर चालवणं पण नको, प्रत्येक खड्ड्याला पॅड सुटायला बघतं.

लाइट गेली तर

आपल्याकडे हा प्रश्न खरा आहे. लिफ्टरचा पंप आणि वरचा होइस्ट दोन्ही एकाच लाइनवर असतील तर लाइट गेली की पंप बंद आणि माल खाली घ्यायचा मार्ग पण बंद, वरती लटकलेला, टाकीत राहिलेल्या व्हॅक्युमवर. म्हणून माझा आग्रह असा की लिफ्टर बॅटरीवाला घ्या, नाहीतर होइस्टच्या ऐवजी हाताची चेन पुली ठेवा म्हणजे खाली तरी घेता येईल. लाइट गेली की पहिलं काम, सगळे लांब. मग खाली घेता येत असेल तर जो ऑपरेटर आहे त्यानेच बाजूला उभं राहून सावकाश घ्यायचं. खालून लाकडं घालून आधार द्यायला कोणी धावू नका, मालक म्हणाले तरी नाही. बांधकामाच्या साइटवर तर पॅडसोबत सेफ्टी चेन किंवा बेल्ट लावलेलाच पाहिजे, किंवा दोन वेगवेगळ्या टाक्यांचं मशीन पाहिजे, कारण तिथे खाली कोण फिरतंय हे कोणाच्या हातात नसतं.

ठेवताना

माल पूर्ण टेकला, तिरका करून लोखंडी स्टँडला नीट रेलला, खाली लाकूड आहे, पुढे सरकत नाही, हे हाताने हलवून बघून मगच व्हॅक्युम सोडा. रिलीज बटणाला बहुतेक मशीनवर दोनदा किंवा दोन हातांनी दाबायची सोय असते, ती टेपने एकात बांधून ठेवलेली असेल तर आजच काढा. ए आकाराच्या स्टँडवर दोन्ही बाजूंनी सारखा माल ठेवायचा, एका बाजूने रिकामा करत गेलं तर स्टँडच उलटतो. आणि उभ्या स्लॅबच्या रांगेत मधे जाऊन पॅड काढायला कोणी शिरायचं नाही.

देखभाल

पंपाच्या तोंडचा फिल्टर उन्हाळ्यात फार लवकर भरतो, ग्रॅनाइट कटिंगच्या शेजारी मशीन असेल तर रोज संध्याकाळी झटकून साफ करा. ओल्या मालावर काम असेल तर पाणी साठायची बाटली रिकामी करा, पाणी पंपात गेलं की व्हॅक्युम हळूहळू कमी होत जातो आणि पटकन लक्षात येत नाही. होज पाइप वाकतात तिथे तडकतात, दर आठवड्याला बघा. रात्री पॅड जमिनीवर दाबून ठेवू नका, टांगून ठेवा, सावलीत. लिफ्टिंग मशीन आणि टॅकलची (साखळ्या, दोर, हूक यांची) वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून पूर्ण तपासणी आणि त्यावर सेफ वर्किंग लोड, म्हणजे जास्तीत जास्त किती वजन सुरक्षित उचलता येईल तो आकडा, लिहिलेला असणं हा आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यातल्या कलम २९ पासूनचा नियम आहे. तपासणीला माणूस येईल तेव्हा नुसती सही नका घेऊ, त्याच्यासमोर पंप बंद करून तीच टेस्ट करून दाखवा आणि काटा किती वेळात किती उतरला ते वहीत लिहून ठेवा, पुढच्या वर्षी तोच आकडा समोर ठेवला की सील आणि व्हॉल्व किती झिजले ते कळतं.