ब्लेक शिकायचाय? आधी रेषा बघा

इंग्रजी साहित्य शिकणारी मुलं मला एक प्रश्न हमखास विचारतात: विल्यम ब्लेकवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू? या कवी-चित्रकाराची 'द टायगर' ही कविता त्यांनी पाठ्यपुस्तकात वाचलेली असते. पुढे युरायझन, लॉस, ऑर्क, एनिथार्मन अशी ब्लेकनं स्वतः रचलेल्या पुराणातली नावं समोर येतात आणि माणूस दबकतो. मग तो या पात्रांचा कोश शोधायला लागतो. माझं सांगणं असं की तो कोश सध्या बाजूला ठेवा. ब्लेक पोटापाण्यासाठी तांब्यावर कोरणारा कारागीर होता. त्याला जे दिसायचं ते कागदावर उतरलं ते या कारागिराच्या हातानं. या बाजूनं आत शिरलात तर पुढची वाट पुष्कळ सोपी होते.

ब्लेकचा जन्म १७५७ सालचा, लंडनच्या सोहो भागातला. वडील मोजे विकायचे. चौदाव्या वर्षी, १७७२ मध्ये, जेम्स बझायर या नक्षीकाराकडे तो सात वर्षांच्या उमेदवारीला लागला. बझायरनं त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या राजेराण्यांच्या थडग्यांची रेखाटनं करायला धाडलं, आणि हा मुलगा थडग्यांवर चढून वरून त्या मूर्ती न्याहाळत असे. बझायरची पद्धत त्या काळी जुनाट समजली जायची. बाजारात चलती होती ती ठिपक्यांच्या, मऊ छायाप्रकाशाच्या कामाची. बझायर मात्र स्वच्छ, ठाम रेषेचा माणूस. ब्लेकनं ती रेषा आयुष्यभर सोडली नाही. रॉयल अकादमीचे अध्यक्ष रेनॉल्ड्स यांच्या व्याख्यानांच्या प्रतीवर त्यानं समासात जे संतापानं लिहून ठेवलंय, त्याच्या मुळाशीही हेच आहे.

आता 'दर्शनं' या भागाकडे येऊ, कारण नवा वाचक इथेच अडकतो. लहानपणी लंडनजवळच्या पेकम रायला एका झाडावर देवदूत बसलेले दिसले, चौथ्या वर्षी खिडकीत देवाचा चेहरा दिसला, या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात. त्यामुळे आपण असं धरून चालतो की याची चित्रं धुक्यातली, स्वप्नाळू असणार. ब्लेकचं म्हणणं नेमकं उलटं आहे. १८०९ मध्ये आपल्या प्रदर्शनासाठी त्यानं जी सूची लिहिली, तिच्यात तो बजावतो की दर्शन म्हणजे ढगाळ वाफ नव्हे. मर्त्य डोळ्याला जे दिसतं त्याहून अधिक ठसठशीत, अधिक बारकाव्यानं ज्याला कल्पनेत दिसत नाही, तो कल्पना करतच नाही. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कोरणाऱ्याला 'साधारण असं काहीतरी' म्हणून चालत नाही, रेषा इथे आहे की तिथे हे त्याला ठरवावंच लागतं. ब्लेकमधला द्रष्टा आणि कारागीर इथे एक होतात, आणि मला तरी त्याच्या सगळ्या कामाचं मर्म इथेच सापडतं.

म्हणून पहिला सल्ला: वाचायच्या आधी एक प्लेट करून बघा. प्रिंटमेकिंगची कार्यशाळा जिथे असेल तिथे चार दिवस मागून घ्या. नेहमीच्या एचिंगमध्ये प्लेटभर मेणाचा थर देतात, सुईनं रेषा उघडतात, ॲसिड त्या रेषा खोल करतं आणि शाई त्या खाचांत भरतात. ब्लेकनं हे उलटं केलं. ॲसिड लागणार नाही अशा द्रवानं तो तांब्यावर थेट ब्रशनं आणि बोरूनं काढायचा, लिहायचा. मग ॲसिड भोवतालचं तांबं खायचं आणि अक्षरं व चित्र उठावात उभी राहायची. शाई त्या उठावावर. चित्र आणि कविता एकाच प्लेटवर, एकाच हातानं, एकाच दमात. अक्षरं अर्थातच आरशातल्यासारखी उलटी लिहावी लागत.

मी देवनागरीत हे करून पाहिलं, जस्ताच्या प्लेटवर. उजवीकडून डावीकडे, उलटे काने, उलट्या वेलांट्या. शिरोरेषेचा मोठा आधार होतो, ओळ ढळत नाही. पण खरं शिक्षण शाई लावताना झालं. ॲसिडनं खाल्लेला भाग फार खोल नसतो, त्यामुळे मोकळी जागा मोठी असली की रोलर तिथे खाली टेकतो आणि कोऱ्या भागालाही काळं लागतं. दोन ओळींच्या मध्ये एखादी वेल, एखादा पक्षी काढला की रोलर त्यावर तरंगतो. ब्लेकच्या पानांवर कडव्यांच्या मधून, समासातून, ओळीच्या टोकाला जी पालवी, जी इवली माणसं फिरताना दिसतात त्यांच्याकडे मी त्या दिवसापासून वेगळ्या नजरेनं बघते. ती कवितेचा अर्थ वाढवतात हे खरंच, पण ती तांब्याची गरजही भागवतात. पुस्तकी अभ्यासातून हे हाताला लागत नाही.

ही पद्धत आपल्याला मेलेल्या भावानं सांगितली असं ब्लेक म्हणायचा. धाकटा रॉबर्ट १७८७ मध्ये गेला, आणि त्यानंतर दर्शन देऊन त्यानं ही युक्ती सांगितली. १७८८ मध्ये पहिले छोटे प्रयोग झाले, १७८९ मध्ये 'साँग्ज ऑफ इनोसन्स'. मग 'द मॅरेज ऑफ हेवन अँड हेल'मध्ये त्यानं या ॲसिडलाच विचाराची जागा दिली: वरवरचा पृष्ठभाग वितळवून टाकायचा आणि त्याखाली दडलेलं अनंत उघडं करायचं. ज्यानं ॲसिडच्या ट्रेवर वाकून तांबं खाल्लं जाताना पाहिलंय, त्याला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

कॅथरिनला विसरू नका. १७८२ मध्ये लग्न झालं तेव्हा तिनं नोंदवहीत सहीऐवजी फुली मारली होती. ब्लेकनं तिला लिहायला-वाचायला शिकवलं, प्रेसवर छापायला शिकवलं, आणि पानं रंगवण्यातही तिचा हात होता. पुष्कळ अभ्यासग्रंथ तिचा उल्लेख एका ओळीत आटोपतात. मला ते पटत नाही.

दुसरा सल्ला असा की छापील संग्रहातली कविता वाचून थांबू नका. 'विल्यम ब्लेक अर्काइव्ह' १९९६ पासून इंटरनेटवर आहे, मोफत आहे, आणि तिथे एकाच पुस्तकाच्या वेगवेगळ्या प्रती शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. ब्लेकच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं, कारण प्रत्येक प्रत हातानं छापलेली, हातानं रंगवलेली. अभ्यासक प्रतींना अक्षरांनी ओळखतात. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये 'साँग्ज ऑफ इनोसन्स अँड ऑफ एक्स्पीरियन्स'ची सी प्रत आहे आणि झेड प्रतही. सी सुरुवातीच्या काळातली, हलक्या रंगांची. झेड १८२६ ची, गडद आणि सोनेरी.

घरी बसून करण्यासारखे दोन अभ्यास सांगते. 'लंडन' ही कविता उघडा. कवितेत जो म्हातारा कुठेच नाही, तो चित्रात आहे: कुबड्या घेतलेला, दाढीवाला, आणि एक लहान मूल त्याला वाट दाखवतंय. कविता इतकी काळीकुट्ट, आणि वर हे मूल. मुलाचा हात त्या कवितेला काय करतो, यावर पानभर लिहा, कुठलीही टीका न वाचता. मग 'द लिटल ब्लॅक बॉय'चं दुसरं पान वेगवेगळ्या प्रतींत बघा. काही प्रतींत काळा मुलगा काळाच रंगवलाय, काहींत दोन्ही मुलं सारख्याच फिक्या रंगाची आहेत. शब्द तेच, प्लेट तीच, रंगाच्या एका हातानं अर्थ बदलतो. 'ब्लेकला काय म्हणायचंय' असं एकवचनात विचारायची सवय इथे सुटते.

हे पान हातात मावेल इतकं लहान असतं, साधारण ११ सेंटिमीटर उंच आणि ७ रुंद. पडद्यावर आपण ते फुगवून बघतो, म्हणून घरी एकदा तरी मूळ मापात छापून घ्या.

'न्यूटन' मात्र मोठं चित्र, आणि ते लंडनच्या टेट ब्रिटन या कलासंग्रहालयात आहे. त्यावर तारीख १७९५ ची, पण कागदाच्या जलचिन्हात १८०४. म्हणजे रचना जुनी, हा ठसा नंतरचा, आणि टेट म्हणूनच १७९५ ते साधारण १८०५ असा काळ देते. कागद उजेडासमोर धरून तपासायला शिका, ही विद्या पुढे नोकरीतही उपयोगी पडते. चित्रात नागडा, पिळदार न्यूटन खडकावर बसून कंपासनं आकृती काढतोय. पाठीमागचा खडक शेवाळानं, रंगांनी लखलखतोय, आणि त्याचं लक्ष नाही. आता 'युरोप' या १७९४ च्या पुस्तकाचं मुखचित्र शेजारी ठेवा: सूर्याच्या गोलातून वाकून म्हातारा अंधारावर कंपास टेकवतोय. हाच कंपास बायबलच्या नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात आहे, कवी मिल्टनकडे आहे. मोजून मापून जग आखणारी बुद्धी, जी ब्लेकच्या जगात युरायझन होते, ती तुम्हाला अशी चित्रातून भेटली की त्या नावाची भीती राहत नाही. कोश नंतर उघडा म्हणते ते यासाठी.

बायबल वाचावं लागेल, त्याला पर्याय नाही. सगळं नको: उत्पत्ती, ईयोब, यहेज्केल, प्रकटीकरण. मराठी बायबलातून वाचा, चांगलं लागतं. त्यानंतर १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेली ईयोबाची चित्रमालिका घ्या. ही उठावाची नव्हे, बझायरकडे शिकलेली जुनी, ब्युरिन या टोकदार हत्याराची कोरणी आहे, आणि माझ्या मते ब्लेकच्या हातून झालेलं हे सर्वांत पूर्ण काम. पहिल्या चित्रात ईयोबाचं कुटुंब झाडाखाली पुस्तकं घेऊन प्रार्थनेला बसलंय. सारं नीटनेटकं, शिस्तीचं. पण वाद्यं झाडाला टांगलेली आहेत आणि सूर्य मावळतोय. मधली सगळी दुःखं होऊन गेल्यावर शेवटच्या चित्रात तेच झाड, तीच माणसं, पण उभी राहिलेली. वाद्यं हातात, सूर्य उगवतीला. बायबलातल्या कथेत ही वाद्यं नाहीत. पोथी पाठ असलेला माणूस आणि गाऊ लागलेला माणूस यांतलं अंतर ब्लेकनं रेषेत दाखवलंय. मालिकेच्या मूळ तांब्याच्या प्लेटा ब्रिटिश म्युझियममध्ये जपून ठेवल्या आहेत. उठावाच्या पुस्तकांचं नशीब वेगळं, त्या प्लेटांपैकी 'अमेरिका' या पुस्तकाच्या बाद केलेल्या एका प्लेटचा तुकडा तेवढा उरला.

मुलाखतीत, सेमिनारमध्ये कुणीतरी विचारणारच: हा माणूस वेडा होता का? १८०९ चं प्रदर्शन भावाच्या दुकानावरच्या खोल्यांत भरलं, सोळा चित्रं, आणि 'एक्झॅमिनर' या साप्ताहिकानं ब्लेकला वेडा ठरवलं. या प्रश्नावर वेळ घालवू नका. १८१९ च्या सुमारास तो जॉन व्हार्ली या चित्रकार मित्राच्या घरी रात्री बसून अदृश्य पाहुण्यांची रेखाटनं करायचा, समोर कुणी बसलंय अशा पद्धतीनं मान वर करून बघत. त्यातूनच 'द घोस्ट ऑफ अ फ्ली' आलं. ते चित्र बघा, पिसवेच्या भुताच्या पाठीचे स्नायू मोजता येतात. दिसलेलं इतक्या शिस्तीनं मांडणाऱ्याचं काम कसं चालतं, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे.

ब्लेकची 'मिल्टन' आणि 'जेरुसलेम' ही मोठी काव्यं सगळ्यात शेवटी. 'जेरुसलेम' शंभर प्लेटांचं. पूर्ण रंगवलेली एकच प्रत आहे, ती आज येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये. १८२७ च्या एप्रिलमध्ये, मरणाच्या चार महिने आधी, ब्लेकनं मित्राला लिहिलं होतं की या पुस्तकाला गिऱ्हाईक मिळेल असं वाटत नाही.

व्यवहाराचं थोडक्यात. ब्रिटिश म्युझियम आणि टेट, दोन्हीकडे मुद्राचित्रांची अभ्यासिका आहे. आधी वेळ घेऊन जायचं, पेन्सिलच न्यायची, आणि हवा तो क्रमांक सूचीतून काढून अर्जात लिहायचा. 'ब्लेकचं काहीही दाखवा' असं लिहू नका. कागदावरची चित्रं उजेडानं खराब होतात म्हणून दालनात ती आलटून पालटून लावतात, अभ्यासिकेत मात्र मागता येतात. प्रवासासाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टची अनुदानं बघा. येल सेंटर आणि कॅलिफोर्नियातली हंटिंग्टन लायब्ररी अल्पमुदतीच्या पाठ्यवृत्त्या देतात. नोकऱ्या अध्यापनापुरत्या नाहीत. मुद्राचित्रांची सूची करणं, कागदाचं जतन, डिजिटल संग्रह यांतही आहेत, आणि प्लेट, ठसा, जलचिन्ह ओळखणारी नजर तिथे पदवीइतकीच मोलाची ठरते.

एक विषय मला मराठी विद्यार्थ्याच्या हाती द्यावासा वाटतो. त्या १८०९ च्या प्रदर्शनात 'द ब्रामिन्स' नावाचं एक चित्र होतं: १७८५ मध्ये भगवद्गीतेचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करणारे चार्ल्स विल्किन्स पंडितांबरोबर कामाला बसलेले. चित्र हरवलंय. सूचीतली नोंद उरली आहे, आणि तिच्यात ब्लेक सांगतो की यातला पोशाख चुकीचा आहे असं मला कळलंय, पण प्राचीन कलावंतही पेहरावापेक्षा स्वभाव राखत. दुसरीकडे मुंबईच्या फौजेतला एडवर्ड मूर, जो १७९० च्या दशकात परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबर लढाईवर होता. त्यानं इकडच्या देवदेवतांच्या मूर्ती आणि चित्रं गोळा केली, आणि त्यांवरचा त्याचा ग्रंथ १८१० मध्ये प्रकाशक जोसेफ जॉन्सनच्या नावानं निघाला. याच जॉन्सनसाठी ब्लेकनं वर्षानुवर्षं प्लेटा कोरल्या होत्या. मूरच्या ग्रंथातल्या आकृतींची रेषा आणि ब्लेकच्या उतारवयातली रेषा शेजारी ठेवून बघायला मोडी, मराठी आणि इथली देवघरं ओळखणारा माणूस हवा. मूरच्या संग्रहातला मोठा भाग ब्रिटिश म्युझियममध्येच आहे, पण आशिया विभागाकडे. अर्ज करताना दोन्ही विभागांची वेळ एकाच आठवड्यातली मागून घ्या.