सोप्यॉन्जे बघायचाय? मग आधी ढोल ऐकायला शिका

सोप्यॉन्जे हा 1993 चा कोरियन पिक्चर बरेच जण नाव ऐकून लावतात आणि अर्ध्या तासात बंद करतात, पहिल्या वेळी माझंही तेच झालं. घोगऱ्या आवाजात कोणीतरी जिवाच्या आकांताने गातंय, बाजूला एक माणूस ढोलावर मधूनच एखादी थाप मारतोय, सबटायटल वाचेपर्यंत ओळ निघून जातेय, काही लागतच नव्हतं. मग पान्सोरी, म्हणजे या पिक्चरमधला गाऊन गोष्ट सांगायचा कोरियन प्रकार, जरा समजून घेतला, दोनेक महिन्यांनी परत लावला आणि शेवटच्या वीस मिनिटांत डोळ्यांतलं पाणी थांबेना. पिक्चर तोच होता, फक्त काय ऐकायचं ते आता कळत होतं, म्हणून ज्यांना बघायचाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. गोष्ट फुटणार आहे हे आधीच सांगते, पण या पिक्चरला त्याने काही बिघडत नाही, उलट माहीत असेल तरच मजा आहे.

पहिलं काम, पान्सोरी म्हणजे काय ते. एक गाणारा किंवा गाणारी, एक ढोल वाजवणारा, बस. बाकी ना स्टेज ना पेटी ना सारंगी. गाणाऱ्याच्या हातात पंखा, तोच कधी काठी होतो, कधी चिठ्ठी, कधी वल्हं. तो गातो, मध्येच साध्या बोलीत गोष्ट सांगतो, हातवारे करतो आणि परत गाण्यात शिरतो. कीर्तन ऐकत वाढलेल्यांना हे लगेच कळेल, बुवा कसे बोलता बोलता गातात आणि गाता गाता आख्यानावर येतात, तसंच. एक अख्खं आख्यान गायला तीन तासांपासून आठ तासांपर्यंत वेळ लागतो. पूर्वी अशी बारा होती, आता पाच टिकलीत. 2003 साली युनेस्कोने पान्सोरीला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान दिला, पण हा पिक्चर आला तेव्हा ती कोरियातच मागे पडलेली होती, तरुण पोरं फारशी वळून बघत नव्हती.

आवाज घोगरा का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. तो बिघडलेला नसतो, मुद्दाम तसा कमावलेला असतो. धबधब्याशेजारी उभं राहून, पाण्याच्या आवाजावर आपला आवाज चढेपर्यंत, गळा फुटून परत जुळेपर्यंत रियाज करायची जुनी रीत आहे. त्यामुळे गोड आवाज शोधत बसू नका. आवाजात जी चीर आहे, खरखर आहे, तिथेच कान ठेवा.

आणि आता ढोल, माझ्या मते अख्ख्या पिक्चरची किल्ली इथेच आहे. वाजवणाऱ्याला कोसू म्हणतात. डावा पंजा एका बाजूच्या कातड्यावर, उजव्या हातात छोटी काठी, ती कधी दुसऱ्या कातड्यावर पडते, कधी ढोलाच्या लाकडावर, टक्क. तो फक्त ठेका धरत नाही, तो गाणाऱ्याला दादही देतो, “ओल्सिगू!”, “चोत्ता!” असं मध्येच ओरडतो, चोत्ता म्हणजे छान. बैठकीत ऐकणारे पण असंच ओरडतात. कोरियात जुनी म्हण आहे की पहिला ढोलवाला, मग गायक. ती म्हण लक्षात ठेवूनच पिक्चर लावा.

दुसरं काम, त्या टिकलेल्या पाच आख्यानांपैकी एक, सिमचॉन्गची गोष्ट, आधी वाचून घ्या, कारण पिक्चरमध्ये ती कोणी नीट सांगत बसत नाही, कोरियन प्रेक्षकाला ती लहानपणापासून पाठ. थोडक्यात अशी: आंधळा बाप, आई बाळंतपणानंतर गेलेली, पोरगी सिमचॉन्ग घरोघर भीक मागून त्याला जगवते. देवळात 300 पोती तांदूळ दिले तर दृष्टी येईल असं बापाला सांगितलं जातं. पोरगी समुद्राला बळी द्यायला मुलगी शोधणाऱ्या खलाशांना स्वतःला विकते आणि पाण्यात उडी घेते. पण मरत नाही, कमळातून परत येते, राणी होते, राज्यातल्या सगळ्या आंधळ्यांना मेजवानीला बोलावते, आणि लेकीचा आवाज ऐकून बापाचे डोळे उघडतात. आता हे मनात ठेवा, कारण पिक्चरमध्ये बरोब्बर उलटं होतं.

तिसरं, दहा-पंधरा मिनिटं सराव. यूट्यूबवर पान्सोरीची कुठलीही मैफल लावा आणि डोळे मिटून फक्त ढोल ऐका. जिन्यांग नावाची लय सगळ्यात संथ, दोन थापांच्या मधली शांतताच इतकी लांब की जीव टांगणीला लागतो. चुंगमोरी बारा मात्रांची, चालत्या माणसाच्या गतीची. जाजिनमोरी आली की गोष्ट पळायला लागली समजा. एवढ्या तीन ओळखता आल्या की पुरे.

पिक्चर 112 मिनिटांचा आहे. कोरियन फिल्म आर्काइव्हच्या यूट्यूब चॅनलवर जुने कोरियन पिक्चर इंग्लिश सबटायटलसकट फुकट बघायला मिळतात, आधी तिथे शोधा. मोबाईलच्या स्पीकरवर बघू नका प्लीज, हेडफोन लावा, काठीचा लाकडावरचा आवाज स्पीकरवर हरवून जातो.

आता गोष्ट. यू-बोंग हा फिरता पान्सोरी गायक, गुरूने हाकलून दिलेला, हट्टी, दारूडा. त्याच्याबरोबर दोन पोरं, सोंग-ह्वा ही दत्तक घेतलेली आणि दोंग-हो हा सोबत राहिलेल्या बाईचा मुलगा. पोरीला तो गायला शिकवतो, पोराला ढोल. गावोगाव फिरायचं, बाजारात गायचं, मिळेल ते खायचं. एका प्रसंगात हे तिघं रस्त्यावर गात असतात आणि तिकडून विदेशी वाद्यांचा बँड वाजत येतो, बघता बघता सगळे लोक तिकडे वळतात. त्या जागी आपल्याकडचे किती कलावंत आठवतात बघा.

मग तो प्रसिद्ध शॉट. छॉन्गसान बेटावरचा, दगडी बांधांमधून उतरत येणारा वळणाचा कच्चा रस्ता, कॅमेरा एका जागी ठेवलेला, पाच मिनिटांहून जास्त वेळ एकही कट नाही. लांबून तीन ठिपके येतात. बाप जिंदो आरिरांग सुरू करतो, हे पान्सोरी नाही, लोकगीत आहे, कोणीही गावं असं. पोरगी ओळ उचलते, मग बाप, मग परत ती. जवळ येता येता दोंग-होचा ढोल सामील होतो आणि तिघं नाचायलाच लागतात. इथे पॉज करू नका, सबटायटलही सोडून द्या, फक्त ठिपक्यांची माणसं होताना बघा. हे तिघं एकत्र सुखात दिसतात ते एवढंच, म्हणून दिग्दर्शक इम क्वोन-तेकने ते तोडलं नसावं असं मला वाटतं.

पुढे भुकेला आणि बापाच्या माराला कंटाळून दोंग-हो पळून जातो. सोंग-ह्वा गाणं सोडते. आणि बाप तिला औषध म्हणून असा काढा पाजतो की तिची दृष्टी जाते, कारण काय तर दुःख आत मुरल्याशिवाय आवाजात धार येत नाही. कोरियन माणूस या मुरलेल्या दुःखाला हान म्हणतो आणि बरेच लेख हा शब्द वापरून बापाला अर्धंमुर्धं माफ करून टाकतात. मी नाही करत. बघताना राग आला तर येऊ द्या, कला वगैरे म्हणून तो गिळू नका, पिक्चरला तो राग पेलतो. सिमचॉन्ग बापाच्या डोळ्यांसाठी समुद्रात उडी घेते आणि इथे बाप लेकीचे डोळे काढून घेतो, हे माहीत असलं की ती जेव्हा तेच आख्यान गाते तेव्हा एकेक ओळ अंगावर येते.

शेवटचा भाग मात्र अजिबात घाईत बघू नका. कितीतरी वर्षांनी दोंग-हो शोधत शोधत तिच्यापर्यंत पोचतो. मी तुझा भाऊ, असं म्हणत नाही. एक गाणं ऐकवा म्हणतो आणि स्वतः ढोल घेऊन बसतो. ती गायला लागते, सिमचॉन्गचंच आख्यान, आणि रात्रभर चालतं. तिला दिसत नाही, पण पहिल्या थापांपासून तिला कळलेलं असतं, कारण ती थाप बापाने शिकवलेली आहे. इथे तिच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या हातांकडे बघा. आणि एक गोष्ट, मध्येच दोघांचा आवाज विरतो, ओठ हलताहेत, काठी पडतेय, पण ऐकू येतं वेगळंच पार्श्वसंगीत. हेडफोन बिघडला असं समजू नका, ते मुद्दाम आहे. काहींना ते आवडत नाही, मला वाटतं ते दोघं जे बोलत होते ते आपण ऐकायचं नव्हतंच.

नंतर अजून ऐकावंसं वाटलं तर याच दिग्दर्शकाचा 2000 चा छुन्ह्यांग बघा, त्यात अख्खी गोष्टच पान्सोरी गायकाच्या आवाजावर चालते. आणि घरातल्या पोरांना सोबत बसवायचं असेल तर लीनालची नावाचा बँड लावा, ससा आणि कासवाच्या जुन्या पान्सोरीवर त्यांनी 2020 मध्ये अल्बम केलाय, दोन बेस गिटार, ड्रम आणि गाणारे. ते ऐकून सोप्यॉन्जे परत लावलात तर यावेळी सुरुवातीपासून फक्त दोंग-होचा ढोल ऐका, लहानपणी तो कसा वाजवतो, कुठे चिडून वाजवतो, आणि त्या शेवटच्या रात्री कसा.