मिळालेली शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी तुटू नये म्हणून काय करावे

पहिल्या वर्षी महाडीबीटी या राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज मंजूर झाला की पदवी हाती येईपर्यंत शिष्यवृत्ती चालूच राहील, असे अनेक घरांत धरून चालतात. तसे होत नाही. प्रत्येक शैक्षणिक वर्षी नूतनीकरणाचा अर्ज नव्याने भरावा लागतो. ठाणे आणि नवी मुंबईतील ज्या मुलांची शिष्यवृत्ती मध्येच तुटलेली मी पाहिली, त्यांपैकी नापास झालेली फार थोडी होती. बाकीच्यांच्या बाबतीत एखादा मुदत संपलेला दाखला, त्रुटी दाखवून परत आलेला पण कोणी उघडूनच न पाहिलेला अर्ज किंवा भलत्याच बँकेशी जोडलेले आधार यांपैकी काहीतरी आड आले होते.

पायरी पहिली : आपली योजना नावानिशी माहीत करून घ्यावी

‘स्कॉलरशिप आहे’ एवढे सांगून भागत नाही, कारण अटी योजनेगणिक बदलतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर (म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणाच्या) शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे, तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत ती आठ लाख आहे. बारावीच्या गुणांवर मिळणारी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती महाडीबीटीवर नसून राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असते. तिला साडेचार लाखांची मर्यादा असून पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरसाल १२,००० रुपये मिळतात. ही शिष्यवृत्ती घेणाऱ्याला राज्याच्या दुसऱ्या शिष्यवृत्तीचा किंवा शुल्कमाफीचा लाभ घेता येत नाही, त्यामुळे दोन्हीकडे अर्ज ठोकून देण्याआधी बेरीज-वजाबाकी करावी.

मुलींच्या पालकांनी ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय लक्षात ठेवावा. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत २०२४-२५ पासून मिळते. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेली जागा त्यात बसत नाही.

पायरी दुसरी : उत्पन्नाचा दाखला वेळेत काढावा

सर्वाधिक अर्ज अडतात ते येथे. तहसीलदारांच्या दाखल्यावर उत्पन्नाचा आकडा ठळक दिसतो आणि सगळे तोच पाहतात. वैधतेची ओळ मात्र खाली असते. जुलै २०२५ मध्ये काढलेला दाखला ३१ मार्च २०२६ रोजी संपतो, म्हणजे तो वर्षभर पुरेल हा हिशेब चुकतो आणि पुढच्या अर्जाला नवाच दाखला लागतो. तो एप्रिल-मे महिन्यांत काढून ठेवावा, कारण दहावी-बारावीचे निकाल लागले की सेतू केंद्रांवर जी झुंबड उडते तिच्यात साध्या कामालाही आठवडे जातात. नोकरदार पालकांनी फॉर्म १६ हाताशी ठेवावा. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र हे उत्पन्नाच्या दाखल्याऐवजी चालत नाही, हेही येथेच सांगितलेले बरे.

नवी मुंबईत आणखी एक गोंधळ हमखास होतो. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे तालुक्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली हे पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. बोलण्यात सगळीच नवी मुंबई असली तरी दाखला राहत्या पत्त्याच्या तहसीलमधून निघतो आणि अर्जाची जिल्हा पातळीवरील छाननी महाविद्यालय ज्या जिल्ह्यात असेल तेथे होते. खारघरला राहून नेरुळच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीचा दाखला पनवेलचा असणार आणि तिच्या अर्जाची चौकशी ठाण्यात करावी लागणार. हे ठाऊक नसल्यामुळे अलिबागपर्यंत हेलपाटा घालून आलेले पालक मला भेटले आहेत.

वडिलांची बढती झाली आणि उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेले, तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याने आकडा लपवण्याच्या फंदात पडू नये. त्याच्यासाठी शिक्षण व परीक्षा शुल्काची फ्रीशिप योजना आहे. निर्वाह भत्ता थांबतो, पण शुल्काचा भार सुटतो.

पायरी तिसरी : हजेरी आणि निकाल

हजेरीची अट बहुतेक ठिकाणी ७५ टक्के आहे. आजारपणात गैरहजर राहिल्यास वैद्यकीय प्रमाणपत्र त्याच महिन्यात विभागात देऊन पोच घ्यावी, वर्षअखेरीस नव्हे. वर उल्लेखिलेल्या केंद्रीय शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाला हजेरीबरोबर वार्षिक परीक्षेत किमान ५० टक्के गुणही लागतात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत मुद्दा टक्क्यांचा नसून वरच्या वर्गात जाण्याचा असतो : विद्यार्थी नापास झाला तर त्या वर्षाचे पैसे जात नाहीत, मात्र पुढच्या वर्गात प्रवेश मिळेपर्यंत लाभ थांबतो. अशा वेळी अर्जात निकाल लपवू नये किंवा नवे खाते उघडून पहिल्यापासून अर्ज करू नये. एकाच विद्यार्थ्याची दोन प्रोफाइल दिसली की दोन्ही अर्ज अडकतात.

पायरी चौथी : नूतनीकरणाचा अर्ज

मागील वर्षी ज्या लॉगिनवरून अर्ज केला त्याच लॉगिनवरून ‘नूतनीकरण’ हा पर्याय निवडावा. ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो क्रमांक चालू असावा. सायबर कॅफेवाल्याने स्वतःचा क्रमांक घातला असेल तर तो आधी बदलून घ्यावा. मागील वर्षाची गुणपत्रिका, चालू वर्षाची फी पावती, बोनाफाईड आणि नवा उत्पन्नाचा दाखला जोडावा, आणि नावाचे स्पेलिंग आधार व गुणपत्रिका यांवर अक्षरशः सारखे आहे का, हे तपासावे.

‘सबमिट’ केल्याने काम संपत नाही. अर्ज प्रथम महाविद्यालयातील क्लार्ककडे आणि नंतर संबंधित विभागाच्या जिल्हा किंवा विभागीय कार्यालयाकडे जातो, आणि यांपैकी कोणीही तो त्रुटीसह परत पाठवू शकतो. म्हणून दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती पाहावी. मुदतवाढ दरवर्षी मिळते, असे महाविद्यालयाच्या कट्ट्यावर ठामपणे सांगितले जाते. ती मिळतेही, परंतु परत आलेला अर्ज दुरुस्त करायला त्यातले किती दिवस उरतील, हे कट्ट्यावर कोणी सांगत नाही.

पायरी पाचवी : आधार कोणत्या बँकेशी जोडले आहे ते पाहावे

येथे मी माझ्या पुतण्याचे उदाहरण देतो. तो ऐरोलीला राहतो. दुसऱ्या वर्षाला असताना त्याने सुट्टीत एका दुकानात काम धरले आणि पगारासाठी दुसऱ्या बँकेत खाते उघडले. फॉर्मवर सरकारी अनुदान याच खात्यात घेण्यासाठीची चौकट होती. तिच्यावर खूण केल्याचे त्याला आठवतही नव्हते. काम सुटले, ते एटीएम कार्ड कपाटात पडले. पोर्टलवर रक्कम वितरित झाल्याचे दिसत होते आणि आम्ही जुन्या बँकेत पासबुक भरून घेण्यासाठी तीनदा रांग लावली. पैसे पाच महिने त्या विसरलेल्या खात्यात पडून होते.

थेट लाभ हस्तांतरणाची रक्कम अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकाकडे नव्हे, तर आधार शेवटी ज्या बँकेशी जोडले गेले त्या खात्याकडे जाते. मायआधार संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधार कोणत्या बँकेशी जोडले आहे याची, स्थिती दोन मिनिटांत पाहता येते. खाते ‘केवायसी’अभावी गोठलेले किंवा व्यवहार नसल्याने बंद पडलेले असेल तर शाखेत जाऊन ते आधीच सुरू करून घ्यावे.

पायरी सहावी : पैसे आल्यानंतर

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२१ च्या सुधारित नियमांनुसार केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के वाटा वेगवेगळा येतो. खात्यात आलेली रक्कम पाहून घरात आनंद होतो, पण तिच्यातील शुल्काचा भाग महाविद्यालयाचा असतो. तो लगेच भरावा आणि पावती घ्यावी, कारण पुढच्या वर्षी अर्ज पुढे पाठवताना क्लार्क हीच पावती मागतो.

बीड-धुळ्याकडून येऊन घणसोली, कोपरखैरणेच्या खोल्यांत राहणाऱ्या आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी स्वाधार योजनेचीही चौकशी समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात करावी. ठाणे व नवी मुंबई महापालिकांच्या हद्दीसाठी भोजन ३२,०००, निवास २०,००० आणि निर्वाह ८,००० असे वर्षाला ६०,००० रुपये ठरलेले आहेत. येथेही ७५ टक्के हजेरी लागते आणि विद्यार्थी स्थानिक नसावा, अशी अट आहे. खोलीचा भाडेकरार मात्र स्वतःच्या नावावर करून घ्यावा. चौघांनी मिळून घेतलेल्या खोलीचा करार एकाच्याच नावावर असला, तर उरलेल्या तिघांना आपण तेथे राहतो हे सिद्ध करताना नाकीनऊ येतात.