टू-स्ट्रोक रेसिंग इंजिनाला प्रोग्रामेबल सीडीआय बसवताय? या चुका टाळा

यामाहाच्या आरएक्स 100 चं उत्पादन 1996 मध्ये थांबलं, पण ड्रॅगच्या पट्ट्यावर तिचं इंजिन अजूनही जोरात आहे. पोर्टिंग झालं, हेड कापून झालं, एक्स्पान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचा खास फुगीर एक्झॉस्ट पाइप) लागला, की पुढची पायरी ठरलेली असते: प्रोग्रामेबल सीडीआय, म्हणजे ठिणगी कधी पडायची ते लॅपटॉपवरून ठरवता येणारा इग्निशनचा बॉक्स. चेक प्रजासत्ताकातल्या इग्निटेकचा किंवा स्लोव्हेनियातल्या झीलट्रॉनिकचा बॉक्स येतो, लॅपटॉप जोडला जातो आणि त्याच संध्याकाळी कर्व्हची (कोणत्या आरपीएमला ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या किती अंश आधी पडायची, त्या आलेखाची) ओढाताण सुरू होते. इथे दोन अंश वाढव, तिथे एक कमी कर.

घाई इथेच नडते. स्क्रीनवर 18 अंश लिहिलंय म्हणून प्लगला ठिणगी 18 अंशांवरच पडते असं नाही. बॉक्सला पिस्टन दिसत नाही. क्रँकची जागा कळवणाऱ्या पिकअप कॉइलकडून आलेला एक पल्स आणि तुम्ही टाइप केलेला एक आकडा, एवढ्याच भांडवलावर तो हिशोब करतो. तो आकडा चुकला तर पुढचा सगळा कर्व्ह तेवढाच चुकीचा. माझ्या मते सेटिंगचा बराचसा वेळ कर्व्हवर न जाता शून्य, म्हणजे पिस्टन अगदी वर असतानाची क्रँकची जागा, पक्कं करण्यात जायला हवा, म्हणून या लेखातही तोच भाग मोठा आहे.

यात ढिलाई परवडत नाही, कारण अ‍ॅडव्हान्स जास्त झालेलं, म्हणजे ठिणगी फार आधी पडणारं, इंजिन आधी पिस्टन खातं आणि मग जाम होतं. चौथ्या गिअरमध्ये, फुल थ्रॉटलवर मागचं चाक लॉक होणं म्हणजे काय, हे ज्यानं पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको.

टीडीसी (पिस्टनची सगळ्यात वरची जागा) नजरेनं किंवा नुसत्या डायल गेजनं ठरवणं

प्लगच्या भोकात डायल गेज लावायचा, काटा जिथे थांबेल तिथे खूण करायची, ही पद्धत सर्रास चालते. पण पिस्टन वर पोचल्यावर बराच वेळ जवळजवळ जागचा हलत नाही. उदाहरणादाखल 50 मिमी स्ट्रोक आणि 100 मिमी लांबीचा कनेक्टिंग रॉड घ्या. टीडीसीच्या आधी 3 अंशांवर पिस्टन फक्त 0.04 मिमी खाली असतो, आणि टीडीसीनंतर 3 अंशांवरही तेवढाच. म्हणजे काटा ‘थांबलेला’ दिसत असताना क्रँक सहा अंश फिरलेला असू शकतो.

पिस्टन स्टॉप वापरा. जुन्या प्लगमधला चिनी मातीचा भाग काढून त्यात टोक गोल केलेला बोल्ट बसवला की घरच्या घरी तयार होतो. क्रँकच्या टोकावरच्या मॅग्नेटवर डिग्री प्लेट (अंशांच्या खुणांची चकती) लावा, अंदाजे शून्य धरा आणि मॅग्नेटच्या नटावर पाना लावून हातानं हळूच फिरवा. पिस्टन बोल्टला टेकला की आकडा लिहा, मग उलट दिशेनं फिरवून पुन्हा लिहा. एका बाजूला 38 आणि दुसऱ्या बाजूला 46 आलं, तर तुमचं शून्य 4 अंश सरकलेलं आहे. प्लेट तेवढी हलवा आणि दोन्हीकडे 42 येईपर्यंत पुन्हा तपासा. मगच मॅग्नेटवर आणि केसिंगवर बारीक, टोकदार खूण करा. मार्करची जाड रेघच दोन अंश रुंद असते.

टीडीसी पक्का झाल्यावर डायल गेज उपयोगाचा आहे. वरच्या मापाच्या इंजिनात 20 अंश म्हणजे टीडीसीच्या आधी साधारण 1.87 मिमी, आणि 21 अंश म्हणजे 2.06 मिमी. एका अंशाला जेमतेम 0.19 मिमी. गेज तिरका बसला असेल तर हा फरक त्यातच हरवतो. दोन सिलिंडरच्या राजदूत 350 ला मूळ प्लॅटिनम पॉइंटचे दोन सेट होते. तिला इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावताना दोन्ही सिलिंडरचे टीडीसी वेगवेगळे मोजा. एकावरून दुसरा गृहीत धरू नका.

बेस अँगल अंदाजानं टाकणं

मॅग्नेटवरचा उंचवटा पिकअपसमोर येतो तेव्हा त्याच्या पुढच्या कडेला एक पल्स मिळतो आणि मागच्या कडेला उलट दिशेचा दुसरा. बरेचसे बॉक्स पुढच्या कडेपासून मोजायला लागतात आणि ठिणगीला उशीर करतात. उशीर किती करायचा, हे तुम्ही टाकलेल्या बेस अँगलवरून, म्हणजे ही कड टीडीसीच्या किती अंश आधी येते त्या आकड्यावरून, ठरतं.

समजा पुढची कड खरोखर टीडीसीच्या 40 अंश आधी येते आणि कर्व्हमध्ये 18 आहे. बेस 40 टाकला तर बॉक्स 22 अंश थांबतो आणि ठिणगी 18 वरच पडते. तिथे 45 टाकलंत तर तो 27 अंश थांबेल आणि ठिणगी 13 वर जाईल. गाडी मेलेली वाटेल, पण इंजिन लगेच जाणार नाही. 35 टाकलंत तर मात्र तो 17 अंशच थांबेल आणि ठिणगी 23 वर. स्क्रीन तेव्हाही शांतपणे 18 च दाखवत असते. पिस्टनला भोक पडतं ते अशा वेळी.

ऑनलाइन कुणीतरी दिलेला बेस अँगल म्हणून जसाच्या तसा घेऊ नका. प्लेट थोडी फिरवलेली असते, पिकअप दुसऱ्या गाडीचा असतो, मॅग्नेट हलकं करायला लेथवर गेलेलं असतं. तुमच्या इंजिनाचा आकडा तुमच्याच इंजिनावर मोजा.

पिकअपच्या दोन वायरी उलटसुलट लागल्या तर आणखी मजबूत गोंधळ होतो. उंचवटा 30 अंश लांब असेल, तर बॉक्स मागची कड हीच पुढची समजतो आणि सगळं टायमिंग 30 अंश मागे जातं. 18 च्या जागी ठिणगी टीडीसी उलटून गेल्यावर 12 अंशांनी. लक्षणं ठरलेली: गाडी कशीबशी सुरू होते, वेग घेत नाही, एक्झॉस्टचा बेंड काही मिनिटांत लालबुंद होतो. अशा वेळी कार्ब्युरेटर उघडत बसू नका, आधी त्या दोन वायरी बदलून बघा.

कर्व्ह टाकण्याआधी सपाट रेघ न तपासणं

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. बॉक्समध्ये 1000 पासून वरपर्यंत सगळीकडे एकच आकडा भरा, म्हणजे 16 किंवा 18. इंजिन सुरू करा, टायमिंग लाइट लावा आणि खूण बघा. मग आरपीएम हळूहळू वाढवा. रेघ सपाट आहे, त्यामुळे खूण जागची हलायला नको.

ती हलतेच. आरपीएम वाढेल तशी खूण रिटार्डच्या, म्हणजे उशिराच्या, बाजूला सरकत गेली, तर पिकअप आणि बॉक्सच्या सर्किटमधला उशीर दिसतोय असं समजा. 10,000 आरपीएमला क्रँकची एक फेरी 6 मिलिसेकंदांत होते, म्हणजे एक अंश सुमारे 17 मायक्रोसेकंदांचा. 50 मायक्रोसेकंदांचा उशीर तिथे 3 अंश खातो, आणि 2000 आरपीएमला तोच उशीर फक्त 0.6 अंशाचा असतो. बऱ्याच बॉक्समध्ये याची भरपाई करायला वेगळी सेटिंग असते. ती नसेल तर किती सरकतंय ते लिहून ठेवा आणि कर्व्ह भरताना तेवढं धरा. टायमिंग लाइट स्वस्तातली असेल तर तिचाही स्वतःचा उशीर असतो, म्हणून ओळखीच्या, स्टॉक इंजिनावर ती एकदा पडताळून घ्या.

खूण एका जागी न राहता थरथरत असेल, दोन-दोन दिसत असतील, तर बॉक्सला दोष देण्याआधी मॅग्नेट हातात धरून वर-खाली हलवा. क्रँकची मेन बेअरिंग सैल असेल तर मॅग्नेट डुलतं आणि पिकअपचा गॅप दर फेरीला बदलतो. त्यावर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उपाय नाही. बेअरिंग आधी.

मॅग्नेटच्या चावीवर भार टाकणं

मॅग्नेट पकडून ठेवतो तो टेपर, म्हणजे शाफ्टचं निमुळतं टोक. चावीचं, म्हणजे शाफ्ट आणि मॅग्नेटच्या खाचेत बसणाऱ्या तुकड्याचं, काम फक्त जागा दाखवण्याचं. टेपरवर तेल किंवा चरा राहिला, नट पुरेसा आवळला नाही, तर लाँचच्या झटक्याला मॅग्नेट सरकतं आणि चावी अर्धी कापली जाते. 16 मिमी जाडीच्या शाफ्टवर चावी 1 मिमी सरकली, तर टायमिंग 7 अंशांहून जास्त हललं. बाहेरून सगळं जागच्या जागी दिसतं. टेपर कोरडा पुसा, बारीक लॅपिंग पेस्टनं घासून सगळीकडे टेकतोय का बघा, पेस्टचा कण न कण धुऊन काढा आणि नट टॉर्क पान्यानं आवळा.

वायरिंग: थोडक्यात, पण नीट वाचा

सीडीआयला सीडीआयचीच कॉइल लागते. तिच्या प्रायमरीचा रेझिस्टन्स सहसा एक ओहमच्याही आत असतो, तर टीसीआय (ट्रान्झिस्टरवर चालणारं इग्निशन) गाड्यांच्या कॉइलचा तीन-चार ओहमच्या आसपास. चार-स्ट्रोक गाडीची ‘जोरदार’ कॉइल इथे लावून ठिणगी सुधारत नाही.

रेझिस्टर प्लग आणि 5 किलोओहमची कॅप काढून टाकू नका. ‘रेसला रेझिस्टर नको’ हा जुना समज प्रोसेसर असलेल्या बॉक्सला चालत नाही. ठिणगीचा गोंगाट पिकअपच्या वायरीत शिरतो, बॉक्सला खोटे पल्स दिसतात आणि ठरावीक आरपीएमला गाडी अडखळते. एनजीकेच्या प्लग कोडमध्ये आकड्याच्या आधी आर असतो तो याचसाठी. हीट रेंज बदलतानाही सांभाळा: एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड, पण बॉशचा, म्हणजे आपल्या जुन्या मायकोचा, आकडा कमी झाला की थंड. ‘एक नंबर थंड’ असं दुकानात नुसतं सांगितलं तर भलताच प्लग हातात पडू शकतो.

पिकअपची वायर एचटी (प्लगकडे जाणाऱ्या हाय-टेन्शन) वायरीपासून लांब न्या. बॉक्सची अर्थ थेट इंजिनावर घ्या. पावडर कोटिंग केलेल्या चेसिसवर अर्थ लागत नाही. एचटी वायर मोकळी सोडून किक मारू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही तर ती कॉइलच्या किंवा बॉक्सच्या आतून वाट काढते. सीडीआयच्या आत 200 ते 400 व्होल्ट साठतात, तेव्हा हातही सांभाळा.

बॅटरीवर चालणाऱ्या बॉक्सच्या बाबतीत लोक मोठी बॅटरी शोधतात. हिशोब करून बघा: 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 300 व्होल्टला 45 मिलिज्यूल धरतो. 10,000 आरपीएमला सेकंदाला साधारण 167 ठिणग्या, म्हणजे साडेसात वॅट. आतले लॉसेस धरले तरी छोटी, पण पूर्ण चार्ज असलेली बॅटरी काही धावांना पुरते. दगा देतात ते सैल टर्मिनल आणि पातळ वायर. इंजिन चालू असताना व्होल्टेज बॅटरीवर न मोजता बॉक्सच्या कनेक्टरवर मोजा.

चार-स्ट्रोकचा कर्व्ह टू-स्ट्रोकला लावणं

आरपीएमबरोबर अ‍ॅडव्हान्स वाढवत न्यायचा आणि वर सपाट ठेवायचा, हा नियम इथे उलटा पडतो. टू-स्ट्रोक पाइपवर आला, म्हणजे एक्स्पान्शन चेंबरची साथ मिळू लागली, की सिलिंडर सगळ्यात चांगला भरतो, ज्वलन वेगानं होतं आणि त्याला कमी अ‍ॅडव्हान्स पुरतो. त्यानंतर आणखी रिटार्ड केलं की एक्झॉस्टमधला वायू जास्त गरम राहतो, त्यातला आवाजाचा वेग वाढतो आणि चेंबर वरच्या आरपीएमलाही साथ देत राहतो. म्हणून कर्व्ह मधल्या टप्प्यात उंच आणि पुढे उतरता. खाली, किकच्या वेळी, तो मुद्दाम कमी ठेवा, नाहीतर किक पायावर उलटते.

सुरुवात स्टॉक टायमिंगपेक्षा 2 अंश कमी ठेवून करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. टायमिंग आणि मेन जेट एकाच दिवशी बदलले तर कशानं काय झालं ते कधीच कळणार नाही. फुल थ्रॉटल धावेनंतर क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करा, प्लग काढा आणि भिंगाखाली पोर्सिलेन बघा. त्यावर मिरपुडीसारखे काळे किंवा चमकणारे चंदेरी ठिपके दिसले, तर डिटोनेशन (मिश्रणाचा आपोआप होणारा स्फोट) सुरू झालंय. चंदेरी ठिपके म्हणजे तुमच्या पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम. पुढची धाव रद्द. आधी हेड उघडा आणि पिस्टनच्या कडेला खड्डे पडलेत का ते बघा.

पुण्यात जमलेलं सेटिंग खाली तसंच नेणं

पुणे आणि कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहेत. तिथलं काठावरचं सेटिंग मुंबईत किंवा गोव्यात नेलं, की हवा पाचेक टक्के दाट मिळते. मिश्रण पातळ होतं, सिलिंडरमधला दाब वाढतो आणि वर न वाजणारं इंजिन खाली वाजायला, म्हणजे डिटोनेट व्हायला, लागतं. पेट्रोलचंही तसंच. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्यानं त्याच जेटवर मिश्रण आणखी पातळ होतं. एक्सपी 100 वर (इंडियन ऑइलचं 100 ऑक्टेन पेट्रोल) ट्यून केलेला कर्व्ह साध्या पेट्रोलवर पळवू नका. दोन्ही लागत असतील तर बॉक्समध्ये दोन वेगळे कर्व्ह ठेवा आणि साध्या पेट्रोलचा कर्व्ह आणखी मागे घ्या.

पट्ट्यावर बिघाड आला तर

गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर सुरू होते: पिकअप कॉइलचा रेझिस्टन्स गरम असतानाच मोजा, थंड असताना तो बरोबरच दाखवेल. लॉगमध्ये आरपीएम उड्या मारतोय: पिकअपचा गॅप बघा, मॅन्युअलमध्ये माप नसेल तर 0.5 ते 0.8 मिमीपासून सुरुवात करा, मग प्लग कॅप, मग अर्थ. स्क्रीनवर आरपीएम खऱ्याच्या निम्मा किंवा दुप्पट: दर फेरीला किती पल्स ही सेटिंग चुकली आहे आणि कर्व्ह भलत्याच जागी वाचला जातोय, तेव्हा लगेच बंद करा. लिमिटर वेळेआधीच लागल्यासारखा वाटतोय: बॉक्सच्या कनेक्टरवरचा व्होल्टेज बघा.

पेटीत स्टॉक सीडीआय जोडून चालेल अशा कनेक्टरसह सोबत ठेवाच. पण पिकअप प्लेट मूळ जागेवरून हलवली असेल, तर तो स्टॉक बॉक्सही आता वेगळ्या टायमिंगला ठिणगी देणार. टायमिंग लाइट लावून तो किती अंशांवर येतो ते घरीच बघा आणि आकडा त्याच्यावरच पक्क्या शाईनं लिहून ठेवा.