ग्रेट कोण यावर भांडायचं तर नीट भांडा: बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉलवाल्यांसाठी

मी आणि माझा मावसभाऊ एकदा जेवणं झाल्यावर अमेरिकन फुटबॉलमधला भारी क्वार्टरबॅक (टीमचा पास टाकणारा मुख्य खेळाडू) कोण, टॉम ब्रेडी की जो मोंटाना, या विषयावर बसलो ते रात्री दोन वाजले तरी उठलो नाही, आणि एवढं सगळं झाल्यावर कळलं की आम्ही दोघं एका प्रश्नावर बोलतच नव्हतो. दादाचं, म्हणजे या मावसभावाचं म्हणणं, दोन मिनिटं उरलीत, आपण चार पॉइंटने मागे, आता बॉल कोणाच्या हातात देशील ते सांग. आणि मी अख्ख्या करिअरचा हिशोब मांडत बसलेलो. दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो आणि तीन तास एकमेकांवर ओरडत होतो. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतलीये, खेळाडूचं नाव काढायच्या आधी प्रश्न ठरवायचा, आणि तुम्हालाही तेच सांगेन.

म्हणजे काय, तर समोरच्याला सरळ विचारा की ग्रेट म्हणजे तुला काय म्हणायचंय. त्याची सगळ्यात भारी चार-पाच वर्षं बघायची की सगळी वर्षं मिळून? बेसबॉलमधलं याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे सँडी कोफॅक्स आणि नोलन रायन हे दोन पिचर (बॅट्समनला बॉल टाकणारे). कोफॅक्स १९६६ ला वयाच्या तिसाव्या वर्षी हाताच्या दुखण्यामुळे थांबला, नावावर फक्त १६५ विजय, पण शेवटच्या चार वर्षांत तीनदा साय यंग अवॉर्ड (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचं), आणि तेही तेव्हा नॅशनल आणि अमेरिकन अशा दोन्ही लीग मिळून एकच दिलं जायचं. रायन २७ सीझन खेळला, ५,७१४ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅट्समन), सात नो-हिटर (एकही हिट न देता संपवलेल्या मॅच), हे आकडे बघून डोळे फिरतात, पण साय यंग एकदाही नाही आणि ३२४ विजयांसोबत २९२ पराभव. आता यात मोठा कोण? एका मॅचसाठी पिचर निवडायचा तर मी डोळे झाकून कोफॅक्स घेईन, वीस वर्षं टीम चालवायची असेल तर रायन. प्रश्न बदलला की उत्तर बदलतं, आणि यात कोणी कोणाला फसवत नाहीये.

प्रश्न ठरला की मग आकडे काढा, पण आकडा कधीच एकटा ठेवू नका, त्याच्या बाजूला त्या वर्षी बाकीचे काय करत होते ते ठेवा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा सविस्तर सांगतो. बॉब गिब्सनचा १९६८ चा ईआरए १.१२, म्हणजे नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर जेमतेम एक रन. पेड्रो मार्टिनेझचा २००० सालचा १.७४. नुसतं बघितलं तर गिब्सन पुढे, विषय संपला. पण १९६८ ला अख्ख्या नॅशनल लीगची सरासरीच ३ च्या आसपास होती, बॅट्समन लोकांची इतकी वाईट अवस्था की अमेरिकन लीगमध्ये कार्ल यास्त्रझेम्स्की .३०१ वर, म्हणजे दहा वेळांत जेमतेम तीन हिट, बॅटिंग टायटल घेऊन गेला, आणि शेवटी १९६९ पासून पिचरचा उंचवटा १५ इंचावरून १० इंचावर आणला, स्ट्राइक झोनही (ज्या चौकटीतून बॉल गेला की स्ट्राइक धरतात ती) लहान केला. उलट २००० साली रन नुसते धो धो पडत होते, अमेरिकन लीगची सरासरी ५ च्या जवळ, आणि पेड्रोच्या पाठोपाठ लीगमध्ये दुसरा होता रॉजर क्लेमेन्स, त्याचा ईआरए ३.७०. एक नंबर आणि दोन नंबरमध्ये जवळजवळ दोन रनचं अंतर! याच हिशोबासाठी ईआरए प्लस नावाचा आकडा आहे, त्यात १०० म्हणजे त्या वर्षीचा सरासरी पिचर, गिब्सन तिथे २५८ आणि पेड्रो २९१. बॅटिंगसाठी असाच ओपीएस प्लस आहे, तो वापरा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आता गिब्सनवाला गप्प बसेल असं समजू नका, आणि बसूही नये. त्याने म्हणावं की गिब्सनने त्या वर्षी ३०४ इनिंग टाकल्या, ३४ पैकी २८ मॅच स्वतः शेवटपर्यंत नेल्या, पेड्रोच्या २१७ इनिंग. हा मुद्दा तगडा आहे, मी याला मान देतो. असे दोन तगडे मुद्दे समोरासमोर आले की ऐकणाऱ्यालाही मजा येते, नाहीतर नुसता आरडाओरडा.

फुटबॉलमध्ये काळाचा हिशोब वेगळ्या तऱ्हेने करावा लागतो कारण मॅचचीच संख्या बदलत गेली. आधी १२, १९६१ पासून १४, १९७८ पासून १६ आणि २०२१ पासून १७. त्यामुळे सीझनचे यार्ड सांगण्याआधी मॅचने भागा. ओ. जे. सिम्प्सनचे बॉल घेऊन धावलेले १९७३ चे २,००३ यार्ड १४ मॅचमधले, एरिक डिकरसनचे १९८४ चे २,१०५ यार्ड १६ मॅचमधले, रेकॉर्ड डिकरसनचं पण मॅचमागे सिम्प्सन १४३, डिकरसन १३१ च्या वर. जिम ब्राऊनचंही तेच, एकूण यार्डात एमिट स्मिथ १८,३५५ वर आणि ब्राऊन १२,३१२ वर, पण ब्राऊन फक्त नऊ सीझन खेळला, त्यातल्या आठ सीझनला लीगमध्ये पहिला, आणि मॅचमागे १०४ यार्ड, तोही तिशीतच सोडून गेला. आणि १९७८ लाच पासिंगचे नियम सैल झाले, रिसीव्हरला (पास पकडणाऱ्याला) पाच यार्डांच्या पुढे धरता-ढकलता येईना, म्हणून जुन्या क्वार्टरबॅकचे पासिंग आकडे आजच्यांच्या शेजारी ठेवून हसू नका, ते वेगळ्या नियमांत खेळत होते. तरी डॅन मरिनोने १९८४ मध्येच ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन मारले होते, त्या काळात! हे मला आजही खरं वाटत नाही.

आता अंगठ्या, म्हणजे सुपर बोल (फुटबॉलची फायनल) जिंकणाऱ्या टीमला मिळतात त्या रिंग. फुटबॉलवाल्यांचं हे ब्रह्मास्त्र, "किती रिंग आहेत त्याच्याकडे?" असं विचारलं की समोरचा गार पडेल असं त्यांना वाटतं. मी रिंग मोजू नका म्हणत नाही, ब्रेडीच्या सात आहेत आणि त्या सातचं वजन आहेच. पण रिंग कशी मिळते ते एकदा जवळून बघा. १ फेब्रुवारी २०१५ चा सुपर बोल, ब्रेडीचे पेट्रियट्स २८-२४ ने पुढे, सीहॉक्स गोल लाइनपासून एक यार्डावर, सेकंड डाउन (चारपैकी दुसरा प्रयत्न), साधारण २६ सेकंद उरलेली. ब्रेडी साइडलाइनला उभा, त्याच्या हातात काहीच नाही. रसेल विल्सन पास टाकतो, आणि माल्कम बटलर नावाचा पोरगा, ज्याला ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) कोणी घेतलंही नव्हतं, पहिलंच वर्ष, तो रिसीव्हरच्या पुढे घुसून बॉल पकडतो. झाली ब्रेडीची चौथी रिंग. आता याच्या शेजारी जानेवारी १९९१ चा सुपर बोल ठेवा. बिल्सचा क्वार्टरबॅक जिम केली टीमला घेऊन येतो, स्कॉट नॉरवुड ४७ यार्डांची किक मारतो, ती उजवीकडून बाहेर जाते, जायंट्स २०-१९ ने जिंकतात. केलीसुद्धा तेव्हा साइडलाइनलाच होता. त्यानंतर बिल्स अजून तीन वर्षं लागोपाठ सुपर बोलला गेले आणि तिन्ही हरले, आणि लोक केलीला रिंग नाही म्हणून खाली बसवतात, मला हे मनापासून पटत नाही.

तसंच "मोंटाना ४-०, ब्रेडी ७-३" असा सुपर बोलमधल्या जय-पराजयाचा मुद्दा कोणी काढला तर शांतपणे विचारा की फायनलला हरणं वाईट की फायनलला पोचणंच नाही ते वाईट. मोंटानाची टीम १९८५, ८६, ८७ अशा तीन सीझनला प्लेऑफची (सीझननंतरच्या बाद फेरीची) पहिलीच मॅच हरली, त्यातली एक तर जायंट्सकडून ४९-३, पण ते पराभव त्या ४-० मध्ये दिसतच नाहीत. मात्र मोंटानाच्या बाजूने बोलायचं असेल तर त्या चार सुपर बोलमध्ये ११ टचडाउन आणि एकही इंटरसेप्शन (समोरच्या टीमने पकडलेला पास) नाही, हे सांगा. हे त्याचं स्वतःचं काम आहे, डिफेन्सचं नाही. आणि कोणी म्हणालं की रिंग फक्त सुपर बोलच्याच, तर त्याला ओटो ग्रॅहम सांगा: दहा सीझन, दहाही वेळा टायटल मॅचला, सात जिंकला, आणि सुपर बोल सुरू व्हायच्या कितीतरी आधी रिटायर.

बेसबॉलमध्ये तर रिंगचा मुद्दा मी सरळ बाजूला ठेवतो. बॅट्समनची पाळी नऊ जणांत एकदा येते, पिचर चार-पाच दिवसांतून एकदा टाकतो, एकटा माणूस टीमला किती ओढणार? माइक ट्राऊट आणि शोहेई ओहतानी सहा सीझन एका टीममध्ये होते, आणि त्या सहांत एंजेल्स एकदाही प्लेऑफला गेले नाहीत. अर्नी बँक्स ५१२ होम रन मारून गेला, पोस्टसीझनची एक मॅच नशिबात नव्हती. पिचरच्या विजय-पराभवालाही याच कारणाने फार चिकटू नका, जेकब डीग्रॉमने २०१८ मध्ये १०-९ अशा रेकॉर्डवर साय यंग घेतलं कारण ईआरए होता १.७०, त्याच्यासाठी रनच कोणी काढत नव्हतं.

ज्यांचे आकडेच नाहीत त्यांच्यासाठीही भांडा, प्लीज. फुटबॉलमध्ये सॅक (क्वार्टरबॅकला पास टाकण्याआधीच पाडणं) अधिकृतपणे मोजायला लागले १९८२ पासून, म्हणजे डीकन जोन्ससारख्या डिफेन्सच्या माणसाच्या नावावर अधिकृत सॅक शून्य. ऑफेन्सिव्ह लाइनमनला (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पुढच्या फळीतल्याला) तर यार्ड नाहीत, टचडाउन नाहीत. तिथे एकच उपाय, जुनी मॅच लावा आणि पाच प्ले बॉलकडे बघूच नका, फक्त त्या फळीच्या डावीकडच्या लेफ्ट टॅकलकडे बघा, समोरचा त्याला ढकलून आत येतोय का, याचे पाय मागे सरकतायत की जागेवर आहेत. अँथनी मुन्योझला असं बघितलं की ११ प्रो बोल (निवडक खेळाडूंची ऑल-स्टार मॅच) कशासाठी ते कळतं. आणि क्वार्टरबॅक, लाइनमन, कॉर्नरबॅक यांना एकाच यादीत एक-दोन-तीन नंबर द्यायच्या फंदात पडू नका, आपापल्या जागेवर कोण किती पुढे होता एवढंच बोला.

बेसबॉलमध्ये जुन्यांवर बोलताना एक गोष्ट टाळून पुढे जाऊ नका. १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन खेळला त्याच्या आधीची कितीतरी दशकं मेजर लीगमध्ये काळ्या खेळाडूंना दारच बंद होतं. बेब रूथने १९२० ला ५४ होम रन मारले तेव्हा अमेरिकन लीगमधल्या दुसऱ्या एकाही अख्ख्या टीमला तेवढे जमले नव्हते, हे खरंच आहे आणि अफाट आहे, पण त्याच्यासमोर सगळे चांगले पिचर उभेच राहू दिले नव्हते हेही तेवढंच खरं. २०२४ मध्ये नीग्रो लीगचे (काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगचे) आकडे मेजर लीगच्या रेकॉर्डमध्ये घेतले आणि करिअर बॅटिंग ॲव्हरेजमध्ये जॉश गिब्सन .३७२ वर टाय कॉबच्या वर गेला. त्यांचे सीझन छोटे होते असा मुद्दा येईल, तो बरोबर आहे, पण सीझन छोटे का होते तेही मग सांगावं लागेल.

तसंच लढाईत गेलेली वर्षं. टेड विल्यम्सची १९४३ ते ४५ पूर्ण गेली आणि मग कोरियामुळे १९५२-५३ ची बहुतेक, तरी ५२१ होम रन. इथे "नाहीतर ६५० झाले असते" असं ठोकून देऊ नका, झालेलं सांगा आणि गेलेली वर्षं सांगा, बास.

स्टेरॉइडचा विषय निघाला की आपला नियम आधी सांगा आणि मग तो आपल्या आवडत्या खेळाडूलाही लावा. बॅरी बाँड्सचे ७६२ होम रन कोणी मोजत नसेल तर ठीक, पण मग त्याच काळातल्या आपल्या टीमच्या हिरोंचं काय करायचं तेही ठरवा. मी स्वतः एवढं म्हणतो की १९९८ मध्येच त्याचे ४०० होम रन आणि ४०० स्टील (चोरून धावून घेतलेले बेस) झाले होते, तीन एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडूचे अवॉर्ड) होते, तेवढ्यावरही तो मोठाच. हॉल ऑफ फेममध्ये (दिग्गजांच्या मानाच्या यादीत) जायला बेसबॉलवर लिहिणाऱ्यांच्या मतदानात ७५ टक्के लागतात, त्याला शेवटच्या वर्षी, २०२२ ला, ६६ मिळाले.

टीमच्या वादात फार वेळ घालवू नका, तिथे एकच गोष्ट विचारा: सीझन मोजायचा की शेवट? बेसबॉलचे मरिनर्स २००१ ला ११६ मॅच जिंकले आणि वर्ल्ड सीरिजला (बेसबॉलच्या फायनलला) पोचले नाहीत, फुटबॉलचे पेट्रियट्स १८-० वरून सुपर बोलमध्ये जायंट्सकडे हरले. डॉल्फिन्स १९७२ ला १७-०. ज्याने जे मोजायचं ठरवलंय त्याचं उत्तर समोरच आहे.

समोरच्याने तुमच्याकडे नसलेला आकडा काढला तर लगेच "पण" म्हणू नका. विचारा, कुठल्या वर्षीचा, किती मॅचचा. बरोबर असेल तर मान्य करा आणि पुढच्या वेळी तोच आकडा तुम्ही वापरा. दादाने माझ्याकडून पेड्रो घेतला, मी त्याच्याकडून ग्रॅहम घेतला.

आणि माझं मत विचाराल तर, अख्खा बेसबॉलपटू म्हणजे मारणं, पळणं, पकडणं, फेकणं सगळं मिळून, या प्रश्नाला माझं उत्तर विली मेज. ६६० होम रन आणि १२ गोल्ड ग्लव्ह (फील्डिंगचं अवॉर्ड) सांगाच, पण समोरच्याला पटवायचंच असेल तर १९५४ च्या वर्ल्ड सीरिजची पहिली मॅच लावा, पोलो ग्राउंड्स, आठवी इनिंग, २-२, दोन रनर बेसवर, विक वर्ट्झने सेंटरला लांबच लांब मारलेला बॉल आणि मेज प्लेटकडे पाठ करून धावतोय. तो कॅच सगळ्यांनी शंभरदा बघितलाय, बहुतेक जण तिथेच थांबवतात. तुम्ही थांबवू नका, पुढचे दोन सेकंद बघा, पकडल्या पकडल्या तो गर्रकन वळतो, टोपी उडते, आणि थ्रो इतका लवकर आत येतो की सेकंड बेसवरचा लॅरी डोबी फक्त थर्डपर्यंत पोचतो, रन होत नाही. मेजची टीम, म्हणजे बेसबॉलवाले जायंट्स, ती मॅच दहाव्या इनिंगला जिंकली.